उंचावर बसवलेला दांडा

सत्यवतीचं मनगट सुजायला लागलं ते १९६२ साली. बेंगळुरूजवळ के. आर. पुरमला स्टेशनच्या मागे तिचं घर. परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ती कप, बरण्या घडवायची आणि आसपासच्या बायकांना शिकवायची. चाकावर तिचा हात अजून चालत होता, पण कपाचे कान ओढायला बसली की अंगठ्यापासून कोपरापर्यंत कळ जायची.

"मातीचा सोऱ्या घेऊ या का?" तिनं नवऱ्याला विचारलं. चकलीच्या सोऱ्यासारखंच ते यंत्र. नळीत माती भरून दाबली की खालच्या चकतीतून हवी तशी पट्टी बाहेर येते. पट्टी वाकवून चिकटवली की झाला कपाचा कान.

उमाकांत पुण्याचा, सरकारी कारखान्यात इंजिनिअर. सत्यवतीचं माहेर पिढ्यान् पिढ्या बेंगळुरूतलं. तिच्या कानडी वळणाच्या मराठीची तो पाहुण्यांसमोर नक्कल करायचा. या वेळी मात्र "चल, बघू" म्हणाला. तिला बरं वाटलं.

बंद पडलेल्या एका कौलांच्या कारखान्यात फिरकीचा सोऱ्या विकायला होता. सत्यवतीनं स्टुलावर बसून त्याचं चाक फिरवलं. मनगट दुखलं नाही आणि मातीची गुळगुळीत वळी बाहेर आली.

"अहो, हाच घेऊ. बसून चालवता येतो."

"बसून?" उमाकांत विकणाऱ्याकडे वळला. "उद्या झोपून चालवायचा मागेल." विकणारा हसला. तिनं हाताची माती पदराला पुसली.

तिथून तो तिला मल्लाप्पा लोहाराकडे घेऊन गेला. मल्लाप्पा भिंतीत ठोकायचा, लांब दांडा खाली दाबून चालवायचा सोऱ्या बनवायचा. त्यानं टेप काढली.

"अक्का, स्वल्प हात वर करा. तुमच्या मापानं बसवतो."

"माझ्या मापानं," उमाकांत म्हणाला.

"पण चालवणार अक्का ना?"

"अक्का मला बोलावेल."

मल्लाप्पानं सत्यवतीकडे पाहिलं. तिनं वर केलेला हात खाली घेतला. "सरी, तसं तर तसं," म्हणत त्यानं उमाकांतचं माप घेतलं.

सोऱ्या भिंतीवर चढला. वर उचललेल्या दांड्याला ना सत्यवतीचा हात पोचे, ना तिच्याकडे शिकणाऱ्या बायकांचा. उमाकांत संध्याकाळी कारखान्यातून यायचा, चहा प्यायचा, पेपर उलगडायचा. नळीतली माती सुकत जायची.

"अहो, जरा दाबून देता?"

"ऐकू नाही आलं."

"जरा दाबून द्या ना."

"असं तोंड पाडून? नीट माग."

बायका खाली बघून माती मळत राहायच्या. प्रतिमा नावाची एकजण पुढच्या महिन्यापासून आलीच नाही.

सत्यवतीनं भाऊ हयवदनला बोलावलं. त्यानं दांडा पाहिला, मग चहा घेता घेता म्हणाला, "भावोजी शिकलेले आहेत, सत्या. काही विचार करूनच बसवला असेल."

मग तिनं स्वतःच दांड्याच्या टोकाला दोरी बांधली. दोरी खाली ओढली की दांडा यायचा, पट्टी पडायची. तिनं मनसोक्त कान केले, उमाकांतला एकदाही हाक मारली नाही. आपल्याला कुणी बोलावत नाही हे त्याच्या लक्षात आलं. रविवारी त्यानं दोरी सोडली आणि गच्चीवर कपडे वाळत घालायला बांधली.

सोमवारी सत्यवती झिलईची बादली पालथी घालून तिच्यावर चढली. दांडा हातात आला, तिनं सगळा भार टाकला आणि बादली सरकली. ती उजव्या खांद्यावर पडली. हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर गेला नाही, बोटांत जोरही राहिला नाही. चाक थांबलं.

"बोलाव म्हणून सांगितलं होतं ना," उमाकांत दवाखान्यात सर्वांदेखत म्हणाला.

ती घरी आल्यावर त्यानं मल्लाप्पाला बोलावून सोऱ्या खाली घेतला, तिच्या छातीइतका. मल्लाप्पानं काम उरकलं आणि पाणीही न पिता गेला.

पुढे पुण्याचे पाहुणे आले की उमाकांत त्यांना शेड दाखवायचा. "हिच्या सोयीसाठी मुद्दाम खाली घेतला."

"वहिनी, भाग्यवान आहात," एकानं म्हटलं. "चालवून दाखवा ना."

"दाखव की," उमाकांत म्हणाला.

सत्यवतीनं डावा हात दांड्यावर ठेवला. दांडा थोडा हलला. सगळे बघत राहिले. उमाकांत वाट पाहत होता, तिनं मागावं म्हणून.

तिनं मागितलं नाही. ती स्वयंपाकघरात निघून गेली. तिच्या पाठीमागे त्यानं हसत दांडा दाबला. मातीची लांब पट्टी खाली आली आणि जमिनीवर पडली.