बेलरने गिळलेला फेटा

आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, धडधाकट यंत्र कधीच आवडलं नाही. "चालतं यंत्र काय, कुणीबी चालवंल! त्यात आपली अक्कल कुठं लागती?" असं ते म्हणायचे. त्यामुळे कोऱ्हाळ्याच्या आमच्या मळ्यात बंद पडलेली दोन इंजिनं, फाळ हरवलेला नांगर आणि कडबा सोडून बाकी सगळं कापणारं एक कडबाकुट्टी यंत्र असा गोतावळा सुखाने नांदत होता. आईच्या मते मीही त्यातच मोडत होतो, कारण सत्तावीस वर्षांचा होऊनही मी अजून कुणाच्या पसंतीला उतरलो नव्हतो.

या गोतावळ्याचा पुढारी म्हणजे शिंगरू. शिंगरू हा आमचा ट्रॅक्टर! माझ्याहून वयाने थोरला, परदेशात जन्मलेला आणि उंचीने इतका कमी की त्यावर बसल्यावर माझे गुडघे हनुवटीला टेकायचे. नव्वदनंतरची ती वर्षं. कारखान्याकडे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे थोराड ट्रॅक्टर रस्त्याने निघाले की शिंगरू बांधाला उभं राहून थरथर कापायचं. (कापायचं ते इंजिन, पण बघणाऱ्याला उगाच दया यायची.)

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आबांनी आणखी एक नग आणला. कुठलंसं गुरांचं फार्म बंद पडलं होतं, तिथलं बेलर. शेतात कापून वाळवलेल्या गवताच्या ओळी उचलायच्या, आत दाबायच्या, सुतळीने बांधायच्या आणि चौकोनी गठ्ठा मागच्या तोंडाने बाहेर टाकायचा, हे त्याचं काम. यातलं बांधायचं काम सोडून बाकी सगळं ते करायचं. गाठ मारायची त्याची लोखंडी चोच दहा गठ्ठ्यांत एकदा मनावर घ्यायची. उरलेल्या नऊंच्या मागे आबा सुतळीचं भेंडोळं काखेत मारून पळायचे आणि हाताने गाठी मारायचे.

"आबा, यापेक्षा पेंढ्या बांधल्या तर?"

"पेंढ्या तुझा आजाबी बांधायचा. मंग आपुन पुढं गेलो कुठं?"

एवढ्यात मला स्थळ आलं. आलं म्हणजे इंदापूरकडच्या एका घरी मी मुलगी बघून आलो. सुनंदा तिचं नाव. पोह्यांची बशी पुढे करताना तिने "लिंबू पिळू का?" एवढंच विचारलं, आणि मी तिथेच कामातून गेलो. याआधी सहा ठिकाणांहून नकार आला होता आणि त्याचं दुःख मला फक्त जेवण होईपर्यंत टिकलं होतं. पण या वेळी मला भीती वाटत होती, अगदी खरी भीती. होकार नाही आला तर मी आयुष्यभर पोह्यांवर लिंबू पिळणार नाही, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

होकार सुनंदाच्या मामांच्या हातात होता. तिचे वडील तात्या स्वभावाने गरीब. घरातला शेवटचा शब्द बापूराव मामांचा. भरघोस मिशा, डोक्याला बारा हाताचा गुलाबी फेटा आणि असा नियम की मुलाचं घर बघायला कधीही कळवून जायचं नाही! कळवलं की लोक अंगण सारवतात आणि शेजाऱ्याच्या म्हशी आपल्या गोठ्यात बांधतात, असं त्यांचं मत. (त्यात फारसं चूक नव्हतं. आईने शेजारच्या दोन म्हशी सांगूनच ठेवल्या होत्या.)

तर तुळशीचं लग्न होऊन तिसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, मामा आणि तात्या जीपमधून थेट आमच्या माळावर उतरले. तेव्हा मी शिंगरावर होतो आणि शिंगरामागे बेलर होतं.

आता इथे थोडं यंत्रशास्त्र सांगायला हवं. बेलरच्या पोटात एक लोखंडी ठोकळा सारखा मागेपुढे आपटत असतो, त्याने गवत दाबलं जातं. बेलर वजनदार, शिंगरू हलकं. त्यामुळे दर धडाक्याला शिंगराला मागून दणका बसायचा आणि वर बसलेल्याची मान खाली जाऊन परत वर यायची. धाड्, मान खाली. धाड्, मान खाली. त्यात शिंगराचा सायलेन्सर गेल्या पोळ्यालाच गळून पडलेला. कानाशी तोफ लावली असती तरी मला ऐकू आली नसती.

मामा ट्रॅक्टरच्या बाजूने चालत होते आणि तोंड हलवत होते. काय बोलतायत ते कळत नव्हतं, पण मोठ्या माणसाकडे बघून हसावं एवढे संस्कार माझ्यावर झालेले होते. मी हसत होतो. मान आपोआप हलत होती. मामा काहीतरी विचारायचे, मी हसून मान हलवायचो. मामांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी आणखी काहीतरी विचारलं, मी आणखी गोड हसलो. स्वारी खूश दिसतेय, असं मला वाटलं!

मग मामा तरातरा पुढे गेले. ओळीच्या शेवटी बाभळीच्या सावलीत गवताचा जरा उंच ढीग होता, त्यावर बसले. चालून घाम आला असावा, कारण त्यांनी फेटा उतरवून शेजारी गवतावरच ठेवला आणि टक्कल पुसायला घेतलं.

ओळ संपत आली. म्हटलं, आता थांबावं, रीतसर नमस्कार करावा. मी क्लच दाबला आणि दोन्ही हात जोडले.

ट्रॅक्टर थांबेना!

मागाहून कळलं ते असं: बेलरला एक मोठं जड चाक असतं. एकदा गरगरायला लागलं की ते मिनिटभर कुणाच्या बापाचं ऐकत नाही. नव्या ट्रॅक्टरला त्यावर इलाज असतो, शिंगराला नव्हता. तुम्ही क्लच दाबा नाहीतर नवस बोला, ते चाकच उलट ट्रॅक्टरला पुढे ढकलतं. मला हे ठाऊक नव्हतं. आजवर शिंगरू आपणहूनच बंद पडत आलेलं, मला थांबवायची वेळच आली नव्हती. मी आपला क्लच दाबून, हात जोडून, चेहऱ्यावर नम्र हसू ठेवून, मान हलवत थेट मामांच्या अंगावर चाललो होतो.

"आरं थांब! आरं ए!" मागून आबा ओरडत होते, ते मला ऐकू येत नव्हतं. मामांनी मात्र वेळेवर ओळखलं. साठीतला माणूस बसल्या जागेवरून एवढी लांब उडी मारू शकतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मामा वाचले. फेटा वाचला नाही. बेलरच्या काट्यांनी तो गवतासकट अलगद उचलला, गुलाबी शेमला एकदा वाऱ्यावर फडफडला आणि गडप झाला. पुढे शिंगराची चाकं बांधावर चढली, इंजिनाने उचकी दिली आणि सगळं शांत झालं. माझे हात अजून जोडलेलेच होते.

त्या शांततेत मामांचा आवाज घुमला.

"तात्या, जीप काढा! पोरगं दारू पितंय, पत्ते खेळतंय, समदं कबूल केलंय त्यानं माज्यासमोर! हसून! आन् आधीची एक बायको बी हाय म्हणतंय!"

भाकरी घेऊन आलेल्या आईच्या हातातली पाटी खाली पडली. "आगं बया! कवा केलीस रं? आन् ठिवलीस कुठं तिला?"

"आई, मी कुठं..."

"सहा ठिकाणी न्हाय म्हणले तवाच मला वाटलं व्हतं, कायतरी हाय म्हणून!"

मामा जीपकडे निघाले, चार पावलं गेले आणि थबकले. हात डोक्याकडे गेला. डोकं उघडं! आमच्याकडे जुनं माणूस बोडक्याने दुसऱ्याच्या उंबऱ्यात पाऊल टाकत नाही आणि आपल्या गावच्या वेशीतही शिरत नाही. शिवाय तो इंदापूरच्या बाजाराचा दिवस होता. मामांना बोडकं बघायला सगळा तालुका जमलेला असणार.

आबा हुशार. त्यांनी घरात धाव घेतली आणि पेटीतला कोरा फेटा आणला. "मामा, ह्यो घ्या. मी बांधतो."

मामा एकदम मागे सरले, विंचू दाखवल्यासारखे. "ठिवा त्यो! मुलाकडचा फेटा डोक्याला लागला म्हंजी सोयरीक ठरली. मला काय येडा समजता व्हय?"

"तसं न्हाय वो, नुसतं उनापुरता..."

"उनापुरता न्हाय आन् पावसापुरता न्हाय! मला माजा फेटा पायजे."

मामांचा फेटा होता बेलरच्या पोटात. आणि बेलरची तऱ्हा अशी, की आत गेलेली वस्तू हाताने निघत नाही. मागून आणखी गवत आत ढकलावं, तेव्हा ती गठ्ठा होऊन बाहेर येते. म्हणजे यंत्र पुन्हा चालवणं आलं. मी शिंगराकडे निघालो.

"तू उतर! हात लावायचा न्हाय त्येला," मामा गरजले. "माज्या घरी तीन ट्रॅक्टर हायती. मी चालीवतो."

मामांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला (तो मळ्यात चालतो, वेशीत नाही) आणि शिंगरावर चढले. त्यांचे गुडघे तर कानाला लागले. मी मान खाली घालून उभा होतो. सुनंदाचा तो लिंबू धरलेला हात डोळ्यांसमोर येत होता, आणि खरं सांगतो, मला रडू येत होतं. रस्त्याने कारखान्याकडे चाललेल्या ऊसतोड्यांच्या चार बैलगाड्याही थांबल्या होत्या. बैलसुद्धा बघत होते.

शिंगरू सुरू झालं, बांधावरून वळून शेजारच्या ओळीला लागलं. बेलर फिरलं. धाड्, धाड्, धाड्. आणि मामांची मान हलायला लागली.

पहिल्यांदा आबांच्या लक्षात आलं. ते ट्रॅक्टरच्या बाजूने पळायला लागले.

"मामा, आमचं पोरगं गुणाचं हाय का न्हाय?"

मामांची मान: हो.

"सोयरीक पसंत हाय?"

हो, हो.

"आन् तुमचीबी आधीची एक बायको हाय व्हय?"

हो, हो, हो!

तात्या बांधावर बसून पोट धरून हसायला लागले. ऊसतोडे हसले. आई भाकऱ्यांवरची माती झटकता झटकता हसली. ट्रॅक्टर बांधावर चढून बंद पडला (क्लच दाबूनही त्याने मामांना जुमानलं नाही!), तेव्हा मामांनी विचारलं, "काय झालं? हसताय का?"

तात्या डोळे पुसत म्हणाले, "बापूराव, तुमी आत्ता दुसरी बायको कबूल केली. चार गाड्या ऊसतोडे साक्षीला हायती."

मामांनी ट्रॅक्टरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आपली मान हाताने धरून एकदा हलवून बघितली आणि त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या. मला वाटलं, आता हा माणूस मला मारणार. पण ते हसत होते!

तेवढ्यात मागून गठ्ठा पडला. चोचीने त्या दिवशी मनावर घेतलं होतं. गाठ इतकी पक्की की विळ्याने कापावी लागली. आतून फेटा निघाला. एक नाही, चार! आतल्या पात्याने बारा हाताचे सरळ चार भाग केले होते. मामांनी त्यातला मोठा तुकडा डोक्याला गुंडाळून पाहिला. वर टक्कल उघडंच राहिलं.

मामांनी सुस्कारा टाकला. इंदापूरच्या दिशेने पाहिलं. बाजार, तालुका, वेस. मग शिंगरावर बसल्या बसल्याच डोकं आबांच्या पुढे वाकवलं.

"बांधा," ते म्हणाले. "पण नीट बांधा. पोरगी देतुया, गवत न्हाय."

आबांनी फेटा नीट बांधला. मी इतका आनंदलो होतो की सरळ जाऊन शिंगराच्या तापलेल्या बॉनेटला मिठी मारली आणि दंड भाजून घेतला. साखरपुड्यात मलम लावूनच बसलो होतो.

लग्नानंतर महिन्याभराने सुनंदा एकदा माळावर आली, शिंगराभोवती फिरली आणि म्हणाली, "आवो, नुसता क्लच दाबून हात काय जोडताय? लगीच गियर काढायचा. मंग ते बेलरचं चाक फिरंना का किती." मामांच्या तीन ट्रॅक्टरांवर ती वयाच्या चौदाव्या वर्षापासून बसत होती, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने चालवून दाखवलं, शिंगरू शहाण्यासारखं थांबलं, आणि आबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी आपणहून खाली उतरलो.

पुढच्या वर्षी गवत निघालं तेव्हा सीटवर सुनंदा होती, बांधावर बसून हुकूम सोडायला आबा होते, आणि सुतळीचं भेंडोळं काखेत मारून बेलरमागे पळायला मी. दुपारी माळेगावकडचे एक बागायतदार मोटारसायकल थांबवून बराच वेळ बघत राहिले. मग आबांना म्हणाले, "गडी लई चपळ हाय वो तुमचा. हंगाम झाला की आमच्याकडं धाडता का?"

आबा म्हणाले, "न्या की. पण ड्रायव्हरबाईंना इचारा."

सुनंदाने गियर काढला, शिंगरू थांबवलं, आणि घामाघूम झालेल्या नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट न्याहाळलं.

"न्या," ती म्हणाली. "पण तेवढ्या दोन ओळी राहिल्यात, त्या झाल्यावर."