शेपटीखालचं लाल

माझा दादा कापड रंगवायच्या कारखान्यात चाळीस वर्षं शेड जुळवत होता. गिऱ्हाइकानं कापडाचा एवढासा तुकडा आणून द्यायचा, आणि दादानं तो खिडकीच्या उजेडात धरून सांगायचं, निळा कमी करा, पिवळा नखभर वाढवा. सगळे त्याला रंगमास्तर म्हणायचे. निवृत्त झाल्यावरही दर गुरुवारी नमुने घरी यायचे आणि दादा ‘पास’ म्हणाला तरच माल बाहेर पडायचा. वहिनी गेल्यापासून तर त्याचा जीव त्या गुरुवारातच अडकलेला. बाकीचे सहा दिवस माझं डोकं खायचा.

हल्ली त्याच्या डोळ्यांचं काहीतरी बिनसलं होतं. डॉक्टरकडे एकटाच गेला आणि आल्यावर म्हणाला, “नंबर वाढलाय, दुसरं काय!” मी विश्वास ठेवला. खरं म्हणजे मला ठेवायचाच होता. गेल्या महिन्यात एका पायात तपकिरी आणि दुसऱ्या पायात हिरवा मोजा घालून फिरत होता, तेव्हा मी पोट धरधरून हसले. ते हसणं आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

तर एका मंगळवारी आमच्या बागेत एक पिल्लू आलं. बाग कसली, चार कुंड्या आणि एक लिंबाचं झाड. पिल्लू आखूड शेपटीचं, पिंजारलेलं, चोचीच्या कडा अजून पिवळ्या.

“हे कोण गं?” दादा खिडकीतून म्हणाला.

“असेल कुठलंतरी पिल्लू.”

“कुठलंतरी म्हणजे? कुणाचं तरी असेलच ना?”

झालं! पक्ष्यांचं पुस्तक काही घरात नव्हतं, म्हणून यानं शेडची वही काढली. पानोपानी चिकटवलेले कापडाचे तुकडे आणि प्रत्येकाखाली नंबर. आधी राखाडी फडक्याकडे मिनिटभर बघायचं, म्हणजे आधीचा रंग डोळ्यांतून निघून जातो, आणि मगच नमुन्याकडे बघायचं, ही त्याची कामाची रीत. पिल्लासाठीही तसंच. बुधवारी सकाळी त्यानं मला कागद दिला. डोकं अमुक नंबर, छाती तमुक, शेपटीखाली एकशेचाळीस.

मी वही उघडली. एकशेचाळीस नंबर मातकट होता. पिल्लाच्या शेपटीखाली तर सरळसरळ लालसर दिसत होतं, फिकट, पण लालच.

“दादा, अरे लाल आहे ते.”

“तुला काय कळतंय त्यातलं? सावली पडलीय तिथं.”

एरवी मी हार मानणाऱ्यातली नाही. पण त्या दिवशी वही मिटून ठेवली. ते दोन मोजे आठवले.

गुरुवारी सकाळी पिल्लू पुन्हा लिंबाच्या फांदीवर. इतक्यात मागून ओळखीची शीळ आली आणि दादाचा चेहरा खुलला. “अगं, बुलबुल! बुलबुलाचं पोर आहे हे! आणि मी वेडा तीन दिवस डोकं फोडतोय.” मोठा बुलबुल फांदीवर उतरला, तुरा ताठ, चोचीत अळी. पिल्लानं आ वासला. भरवायला तो वाकला तशी शेपटी वर झाली आणि खालचा लालभडक रंग मला इथून दिसला.

दादा बघत राहिला. मग त्यानं राखाडी फडकं डोळ्यांसमोर धरलं, मिनिटभर. पुन्हा बघितलं.

“याचं लाल कुठं गेलं?”

मी खिडकी सताड उघडली.

“सांग ना.”

“आहे दादा. चांगलं भडक आहे.”

तो खुर्चीत बसला. “डॉक्टर म्हणाला होता, नस सुकत चाललीय. आधी रंग जातील म्हणाला. मला वाटलं, वेळ आहे अजून.” राखाडी फडक्याची घडी घालत म्हणाला, “गेल्या गुरुवारी मी लाल पास केलाय. फिकट-गडद बघून, अंदाजानं.”

मी काही बोलायच्या आत त्यानं फोन लावला. “मास्तर बोलतोय. गेल्या गुरुवारचा लाल माल थांबवा. नाही, तुमचं काही चुकलं नाही, माझी नजर चुकली. आजचे नमुने पाठवू नका. पुढच्या गुरुवारीही नको.” पलीकडचा काहीतरी विचारत होता, पण यानं फोन ठेवून दिला.

मी रडत होते. त्याच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे. तो माझ्या अंगावरच्या शालीकडे बघत होता.

“ही कुठली?”

“वहिनीची. तू रंगवलेली.”

लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यानं ती स्वतःच्या हातानं रंगवली होती आणि उरलेला तुकडा वहीत चिकटवला होता. “दोनशे सात,” तो म्हणाला आणि न चाचपडता ते पान काढलं. तुकड्यावर बोट ठेवून बसला. नंबर त्याला वाचता येत होता.

“कसा आहे गं?” त्यानं विचारलं.

दिवसभर माझ्या तोंडाचा पट्टा चालू असतो, हे तोच सगळ्यांना सांगतो. पण लाल रंग कसा असतो, हे मला सांगता येईना.

“छान आहे,” मी म्हटलं.