धुळाप्पानं मोटारीचं डोकं तासलं

चनबसप्पा सावकारांची सर्व्हिस मोटार सोलापूरहून तुळजापूरला जायची, आणि शेवटचा घाट उलटी चढायची. घाटाच्या पायथ्याशी आली की ड्रायव्हर धुळाप्पा ती वळवून घेई, तिचं तोंड सोलापूरकडं करी, आणि खांद्यावरून मागं बघत वरपर्यंत उलटी नेई. ही एकोणीसशे सत्तावीस सालची गोष्ट. त्या बनावटीच्या मोटारीत पेट्रोलची टाकी पुढच्या गादीखाली असे आणि पेट्रोल उतारानं आपोआप इंजिनात जाई. चढावर नाक वर झालं की इंजिन वर, टाकी खाली, आणि पेट्रोल काही चढत नसे. शिवाय उलट्या गिअरला ओढ जास्त. त्यामुळं मोटार उलटी चढवण्यात धुळाप्पाला काही गैर वाटत नव्हतं. फक्त त्याची मान कायमची डावीकडं वळली होती. त्याची बायको तानाबाई म्हणायची, "माझ्याशी बोलताना बी ह्यांचं त्वांड मागच्या भिताडाकडं असतंय."

ही हकिगत मला धुळाप्पाकडून थोडी आणि तानाबाईकडून बरीच कळली. ती सांगायला लागली की तो उठून बाहेर जायचा.

धुळाप्पा सांगोल्याकडचा धनगर. अठरा सालच्या दुष्काळात मेंढरं गेली, तसा तो सोलापुरात आला आणि एका गिरणीच्या इंजिनखात्यात तेलवाला म्हणून लागला. मेंढराच्या खोकल्यावरून त्याचं दुखणं ओळखायची सवय होती, तीच तिथं उपयोगी पडली. इंजिनाचा आवाज जरा बदलला की हा आधी सांगायचा, कुठला सांधा कोरडा पडलाय. चनबसप्पांनी जुनी मोटार घेतली तेव्हा त्यांनी याला मागून घेतलं. मोटार सात रस्त्याच्या चौकात उभी राही. पाच माणसांच्या जागेत अकरा बसत, आणि घाटात त्यातले सात उतरून चालत. बायका तेवढ्या आत बसून राहत.

त्या बायकांत सुंदरम्मा होत्या. सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मसाळी विणकर घरातल्या, वयानं पन्नाशीच्या, घरात चार माग. दर मंगळवारी त्या तुळजापूरला जात. घाटात मोटार उलटी झाली की त्या गादीवर गुडघे टेकून मागं तोंड करून बसत आणि वर पोचेपर्यंत पाठीच्या दांडीला धरून राहत. एका मंगळवारी तुळजापुरात उतरल्यावर गुडघे चोळत त्या म्हणाल्या, "धुळाप्पा, चार वर्षं झालं. देवीकडं पाठ करून कसं जायचं मी?"

"अम्मा, गाडीच तशी हाय. तिला ताकद न्हाय."

"हिंदुरावचं गाडी सरळ चढतंय की."

त्याच रस्त्यावर दुसरी सर्व्हिस चालवणाऱ्या हिंदुरावांनी त्याच महिन्यात नवी मोटार आणली होती. ती तोंडानं घाट चढायची आणि वर गेल्यावर हिंदुराव उगीचच भोंगा वाजवायचे. पुढच्या मंगळवारी सुंदरम्मा त्या मोटारीत बसल्या. धुळाप्पाजवळून जाताना त्यांनी पदर सावरला आणि दुसरीकडं बघितलं. त्या दिवशी धुळाप्पा घरी येऊन जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी तो गिरणीच्या वर्कशॉपात इमामसाब मिस्त्रीकडं गेला. इंजिनाच्या नळकांड्यात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर येतो, त्याच्या डोक्यावर थोडी मोकळी जागा असते. तिथं पेट्रोलची वाफ दाबली जाते आणि ठिणगी पडून भडका उडतो. जागा जितकी कमी, दाब तितका जास्त, आणि भडका तितका जोरकस. हे धुळाप्पानं स्वतःच्या अकलेनं काढलं होतं. इंजिनावर जे जड लोखंडी झाकण असतं, ज्याला मिस्त्री लोक हेड म्हणतात, ते खालून एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, तासायचं, म्हणजे जागा आपोआप कमी होईल.

इमामसाबनं दाढी खाजवली. "नक्को रे धुळाप्पा. इत्ता काटे तो गाडी नै रहती, घोडा बनता. लात मारेगा."

"मारू दे. घाट चढल्याशी मतलब."

मालकांना विचारणं भाग होतं. चनबसप्पा दुकानात सुपारी कातरत बसले होते. धुळाप्पानं सांगितलं, तशी कातर थांबली.

"मोटारीचं डोकं कापायचं म्हणतोस?"

"कापायचं न्हाय मालक. खालनं तासायचं. पातळ करायचं."

"डोकं पातळ केल्यावर अक्कल कुटं राहील ओ त्याची?"

"तिला अक्कल न्हाय. माजी हाय की तिच्यात."

चनबसप्पांनी त्याच्या वाकड्या मानेकडं बघितलं आणि पुन्हा सुपारी कातरायला घेतली. मग म्हणाले, "तुझ्या अकलेवर सोडतो. पण इंजिन फुटलं तर तू आणि माझा येडू बैल, दोघांनी मिळून वढायचं."

तीन आठवडे मोटार बंद राहिली. इमामसाबनं जेवणाच्या सुट्टीत हेड यंत्रावर चढवून एक सूत तासलं. धुळाप्पानं दट्ट्यांना आतून भोकं पाडून ते हलके केले, आणि हवा आत घ्यायचं तोंड कानशीनं रुंद केलं. सगळं परत बसवलं आणि सात रस्त्यावर आणून चालू करायला म्हणून हँडल मारलं. हँडल अर्धं फिरलं, इंजिनानं एक ठोका दिला, आणि उलट फिरून आलेल्या दांड्यानं धुळाप्पाला उचलून बाजूच्या जनावरांच्या हौदाला नेऊन टेकवलं. अंगठा सुजून लिंबाएवढा झाला. इमामसाब म्हणाला, "मैं बोला था," आणि पानवाल्याकडं गेला.

ठिणगीची वेळ मागं घेऊन बघितलं. तरी ते इंजिन साध्या माणसाच्या हातून फिरेना. शेवटी धुळाप्पा जवळच्या तालमीत गेला आणि गुंडा पैलवानाला घेऊन आला. गुंडा दोन मणाची गोणी दातांनी उचलायचा. त्यानं हाताला माती लावली, मोटारीला नमस्कार केला आणि हँडलला हात घातला. पहिल्या झटक्याला तो बसला. दुसऱ्याला त्याचा लंगोट सुटायची पाळी आली. मग त्यानं खाली वाकून, श्वास रोखून, कमरेतून जी ओढ दिली, तिनं इंजिन पेटलं. असा आवाज सात रस्त्यावर कुणी ऐकला नव्हता. टांग्याची दोन घोडी दोन दिशांना गेली. तेव्हापासून सकाळी आठाला गुंडा पैलवान मोटार चालू करतो हे बघायला माणसं जमू लागली. गुंडाचे वस्ताद मात्र नाराज होते. कुस्ती निकाली होत नाही म्हणायचे.

पहिल्या खेपेला धुळाप्पानं उतारू घेतले नाहीत. तानाबाईला तेवढं बसवलं. सपाटीवर मोटार अशी पळाली की तानाबाईनं डोळे मिटून घेतले ते थेट घाटापर्यंत. पायथ्याशी धुळाप्पानं मोटार वळवली नाही. दात आवळून तोंडानंच चढावर घातली. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर इंजिन दोनदा खोकलं आणि गप झालं.

धुळाप्पा उतरला. बॉनेट उघडलं, तारा बघितल्या, तेल बघितलं, कान लावून बघितलं. इतक्यात खालून हिंदुरावांची मोटार आली. त्यांनी वेग कमी केला, भोंगा वाजवला आणि गेले. आत सुंदरम्मा होत्या.

धुळाप्पा दगडावर बसला. "एक सूत तासलं," तो म्हणाला. "अजून अर्धं तासायला पायजे हुतं."

तानाबाई मोटारीतच बसून होती. "आवं, पेट्रोल कुटं असतंय ह्यात?"

"तुज्या खाली."

"आन् जातंय कुटं?"

"म्होरं. इंजिनात."

"म्होरलं तर वर गेलंय की. पाणी चढतंय व्हय?"

ताकद आली म्हणजे पेट्रोलची अडचण आपोआप सुटेल असं धुळाप्पानं धरलं होतं. उलट आता इंजिन पहिल्यापेक्षा जास्त पीत होतं, आणि नळी तीच होती.

"तर मग टाकीच वर टांगा की," तानाबाई म्हणाली. "शिंक्यावर ठेवतो तशी."

तानाबाई सांगते, धुळाप्पानं आधी बॉनेट लावलं, हात पुसले. मग म्हणाला, "मी तेच म्हननार हुतो."

चार दिवसांत इमामसाबनं पत्र्याची नवी टाकी करून ती काचेच्या पुढं, बॉनेटवर उंच बसवली. आता मोटार कुठल्याही बाजूला कलली तरी पेट्रोल खालीच यायचं. दिसायला ती डोक्यावर गाठोडं घेतलेल्या म्हातारीसारखी दिसायची, आणि ड्रायव्हरला समोरचा रस्ता निम्माच दिसायचा. धुळाप्पानं सांगितलं, मान वाकडी असल्यानं त्याला बाजूनं चांगलं दिसतं.

मंगळवारी तो सकाळीच पूर्व भागात गेला. सुंदरम्मा ओसरीवर सूत मोकळं करत होत्या. त्यानं चपला बाहेर काढल्या आणि म्हणाला, "अम्मा, आज तोंडानं जायाचं हाय. देवीची आन."

"खोटं झालं तर?"

"झालं तर मी पायी येतो मागनं, तुमची पिशवी घेऊन."

त्या आल्या. त्यांच्याबरोबर शेजारच्या चार बायका आल्या, त्या मुख्यतः पिशवी घेऊन चालणारा धुळाप्पा बघायला. गुंडानं हँडल मारलं. तुळजापूर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं; हद्दीवरच्या नाक्यावर शिपायानं हात वर केला. धुळाप्पानं ब्रेक दाबला आणि मोटार नाक्यापुढं वीस पावलं जाऊन थांबली. शिपाई चालत आला, जकातीचं काही आहे का बघितलं आणि म्हणाला, "मियाँ, जरा पहले से रुकने की सोचा करो." धुळाप्पानं ते हसण्यावारी नेलं.

घाट लागला. एकही माणूस उतरला नाही. मोटार अकरा माणसं घेऊन, काळा धूर सोडत, तोंडानं चढत गेली. तिसऱ्या वळणावर हिंदुरावांची मोटार वाफ सोडत उभी होती आणि हिंदुराव लोट्यानं तिच्यात पाणी ओतत होते. धुळाप्पानं भोंगा वाजवला नाही. ते सुंदरम्मांनी पुढं वाकून, भोंग्याचा रबरी गोळा स्वतः दाबून केलं.

वर सपाटी आली आणि मोटारीला वेग आला. तुळजापूरचा मोटारअड्डा दिसला, तसा धुळाप्पानं ब्रेक दाबला. मग दोन्ही पायांनी दाबला. ताकद वाढवण्याच्या नादात ब्रेकला कुणी हात लावलाच नव्हता. मोटार अड्डा ओलांडून गेली, तिच्या पुढं लोक दोन्ही बाजूंना सरत गेले, आणि शेवटी एका कडब्याच्या गंजीत शिरून ती निम्मी दिसेनाशी झाली. इंजिन आत चालूच होतं.

कडब्यातून एकेक माणूस बाहेर आलं. कुणाला काही लागलं नव्हतं. सुंदरम्मा शेवटी आल्या. केसांत कडबा, कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत आलेलं. त्यांनी देवळाकडं तोंड करून हात जोडले, मग धुळाप्पाकडं वळल्या.

"सरळ आणलास," त्या म्हणाल्या. "आता थांबायचं शिक."

पुढं वर्षभर सुंदरम्मा त्याच मोटारीतून गेल्या. धुळाप्पानं ब्रेकची पट्टी रुंद करून घेतली आणि अड्ड्याच्या अलीकडं पाव मैलावरून थांबायला सुरुवात करायची सवय लावून घेतली. पण मागच्या चाकांचा आस इंजिनाच्या त्या ओढीसाठी केलेला नव्हता. पहिल्यांदा तो मोडला तेव्हा इमामसाबनं नवा घडवला, दुसऱ्यांदा मोडला तेव्हाही. तिसऱ्यांदा चनबसप्पांनी येऊन मोटारीला एक फेरी मारली आणि शांतपणे म्हणाले, "इंजिन चांगलं हाय. मोटार त्याला पुरत नाही." त्यांनी इंजिन काढून आपल्या होटगीच्या मळ्यातल्या विहिरीवर पंपाला जोडलं.

धुळाप्पानं सात रस्त्याजवळ दुरुस्तीचं दुकान टाकलं. मान तशीच राहिली. आठवड्याच्या सुट्टीला तो रेल्वेनं होटगीला जायचा, विहिरीच्या काठावर बसायचा आणि इंजिन ऐकायचा. कधी तानाबाई बरोबर असे. पाट भरून वाहायचा, ज्वारी हिरवीगार दिसायची. एकदा तिनं विचारलं, "ऐकताय काय यवढं?" तो म्हणाला, "तिसरा दट्ट्या जरा कोरडा वाटतोय." आणि तेलाची बुधली घेऊन उठला.