दोन प्लेटा, चार बॅटऱ्या

तलावाच्या पाळीवर आमच्या मच्छीमार गटाची टिनाची एक खोली आहे. तिथपर्यंत विजेचा खांब आलेला नाही. छतावर दोन सोलर प्लेटा, आत दोन बॅटऱ्या आणि एक छोटा फ्रीजर, एवढ्यावर आमची मासळी दुसऱ्या दिवशीच्या बाजारापर्यंत टिकायची. खोलीची किल्ली माझ्याकडे असे.

मग गटाने मोठा फ्रीजर घेतला. धानोऱ्याहून आलेल्या फिटरने सांगितलं, बॅटऱ्या चार करा आणि प्लेटाही चार करा. बॅटऱ्यांचं मला पटलं. प्लेटांचं नाही. ऊन तर तेवढंच पडणार. हा उगाच आपला माल खपवतोय, असं मी बैठकीत उठून बोललो. प्लेटा दोनच राहिल्या.

पहिले काही दिवस बरे गेले. नंतर सकाळी झाकण उघडावं तर रोहूचे डोळे पांढरे पडलेले, बोट लावलं की मांस दबायचं. फ्रीजर मध्येच बंद पडत होता. बॅटऱ्या दुप्पट, म्हणजे वीजही दुप्पट असणार, असं मी धरून चाललो होतो. मग ती जाते कुठे? कोणीतरी ओढत असणार.

खोलीला लागून एकच घर होतं. तिथे एक विधवा बाई एकटी राहायची, झिंगे वाळवून विकायची. तिच्या घरात दिवा जळतो हे इतकी वर्षं मी पाहत होतो, पण आता तो कधी लागतो, कधी विझतो यावर माझं लक्ष राहू लागलं. गटातल्या दोघांच्या कानावर मी माझा संशय घातला. तेही येता-जाता तिच्या दाराकडे बघू लागले.

एका दुपारी आमच्या पत्र्याखालून तिच्या घराकडे गेलेली काळी वायर दिसली. मी ती जोरात ओढली. पलीकडे तिने त्याच वायरीवर जाळं टांगून झिंगे वाळत घातले होते. सगळे मातीत पडले. वायरीचं टोक माझ्या हातात आलं. ते नुसतं एका खिळ्याला गुंडाळलेलं होतं.

ती बाहेर आली. आधी झिंग्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भाऊ, काय शोधून राह्यले?"

लाइन कुठी चालली ते पाहून राह्यलो, असं मी म्हणालो.

"मले विचारलं असतं तं मीच दाखवलं असतं. माह्याकडं घरकुलावरचा लहानसा सोलर दिवा हाय, तेवढाच."

ती खाली बसून झिंगे वेचू लागली. मी हात लावला नाही. दुसरी वायर कुठेतरी असेलच, हेच तेव्हाही माझ्या मनात होतं.

शेवटी फिटरला बोलावलं. त्याने भर दुपारी मीटर लावला, संध्याकाळी पुन्हा लावला. दोन प्लेटा दिवसभरात जेवढं देतात, त्यापेक्षा मोठा फ्रीजर जास्त खातो, असं त्याने सांगितलं. नव्या बॅटऱ्या भरून आल्या होत्या, म्हणून सुरुवातीचे दिवस निघाले. आता त्या रोज थोड्या रिकाम्या होतात आणि अर्धवट भरून राहिल्याने खराबही होत आहेत.

"टाकी मोठी केली म्हनून नळाले पानी जास्त येत नाई ना, भाऊ."

माझा त्याच्यावरही विश्वास बसला नाही. त्याचा मीटर ठेवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून सूर्य झाडांमागे जाईपर्यंत तिथेच बसलो. आकाशात ढग नव्हता, पत्र्याला दुसरी वायर नव्हती. तरी बॅटऱ्या भरल्या नाहीत.

आणखी दोन प्लेटा बसवल्यावर फ्रीजर नीट चालू लागला. एक बॅटरी मात्र तोवर गेली होती. बैठकीत मी चूक कबूल केली. त्या बाईच्या दारात जायला मला अजून आठ दिवस लागले.

तिने सगळं ऐकून घेतलं. "मले काऊन सांगता? माह्या घराकडं पाहून राह्यले होते, त्याइले सांगा."

मी त्या दोघांच्या घरी गेलो. एकाने मान हलवली. दुसरा म्हणाला, "तुमीच सांगितलं होतं ना? मंग आता काऊन तिची बाजू घेऊन राह्यले?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागलो. त्याला ते पटलं की नाही, मला आजही कळलेलं नाही.