ह्यांच्या गाडीच्या खिडक्या

आमचे हे शिलाई मशीन दुरुस्त करतात. घरगुती मशीनपासून कारखान्यात ओळीने मांडलेल्या मशीनपर्यंत सगळी. आता शिलाई मशीनवर बसतं कोण? बायका. म्हणजे ह्यांचा अख्खा दिवस बायकांच्या गराड्यात जातो, बोटांना तेल आणि मान खाली. मान खाली असते असं हे म्हणतात. मी थोडीच बघायला जाते!

मी स्वतः कपडे शिवते. माझंच मशीन सारखा धागा तोडत होतं म्हणून हे पहिल्यांदा आमच्या घरी आले. बॉबिनची पेटी उघडून आत इतक्या मायेने बघत बसले, की मला त्या मशीनचासुद्धा राग आला. माझा स्वभाव तेव्हापासून हाच आहे आणि तो मी कुणापासून लपवलेला नाही.

माणूस तसा सरळ. बोलणं मोजकं, कानावर पेन्सिल, खिशात पेचकस. मशीनचा आवाज ऐकून कुठे बिघडलंय ते सांगतील, माझा आवाज ऐकून मात्र कधी काही ओळखता आलं नाही. बायका ह्यांना मास्तर म्हणतात. "मास्तर, चहा घेणार?" "मास्तर, जरा माझं पण बघा ना." हे सगळं मला ह्यांच्याच तोंडून कळतं, कारण मी विचारते. अंथरुणाला पाठ टेकली की माझी चौकशी सुरू. आज कुणाचं मशीन? ती काय म्हणाली? मग तुम्ही काय म्हणालात? हसलात का? झोपेत ह्यांनी कूस बदलली तरी मी हलवून विचारते, "काय झालं? कुणाचं स्वप्न पडलं?" आणि हे डोळे चोळत म्हणतात, "सुईचं." संसार म्हटला की एवढं विचारायलाच हवं.

बाहेरगावची कामं वाढली तशी ह्यांनी एक जुनी व्हॅन घेतली. मागच्या सीट काढून हत्यारांसाठी खण केले आणि आडवं व्हायला एक फळी टाकली. लॉजवर झोप येत नाही, म्हणाले. इथपर्यंत ठीक होतं. मग एका सकाळी बघते तो गाडीच्या खिडक्या काळ्या. प्रत्येक काचेला आतून काळ्या कापडाचं, फोम भरलेलं कव्हर, चौकटीत असं घट्ट बसवलेलं की नखही शिरू नये. बाहेरून कुणालाही वाटावं, रिकामी गाडी उभी आहे.

"हे कुणी शिवलं?" मी विचारलं.

"चौकातल्या सीटकव्हरवाल्या बाईंनी."

"घरात शिवणारी बायको असताना?"

"तुझ्यापुढे आधीच कपड्यांचा ढीग असतो. आणि गाडीत झोपलं की लोक वाकून वाकून बघतात गं. कसंतरी वाटतं."

एकट्या माणसाला इतका पडदा लागतो कशाला? माझा नुसता तीळपापड झाला. हातातलं शिवण टाकलं आणि तडक त्या बाईंचं दुकान गाठलं.

बाई माझ्याच वयाच्या, ठसठशीत, आणि जाड रेक्झिनवर कात्री अशी चालवत होत्या की बघत राहावं. ते बघूनच माझ्या पोटात दुखायला लागलं.

"मास्तरांच्या खिडक्यांची मापं कशी घेतलीत हो?" मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आत बसून. खिडकीला आतून कागद लावायचा, कडेने नख फिरवायचं आणि त्या रेघेवर कापायचं."

"दार उघडं ठेवून ना?"

"दार उघडं ठेवलं तर उजेड कुठून शिरतोय ते कसं कळणार, वहिनी?" बाई हसल्या. "सगळी दारं लावून बसायचं. मास्तर होते ना कागद धरायला."

दारं लावून. अंधारात. कागद धरायला! मी तिथून कशी निघाले ते माझं मला ठाऊक.

मग मीच नवीन कव्हरं शिवायला घेतली. त्या बाईंच्या हातचं काही ह्यांच्या उशाशी नको. हे आंघोळीला गेले की मी टेप घेऊन गाडीभोवती फिरायचे आणि काचांची बाहेरून मापं घ्यायचे. जन्मभर मी मापं बाहेरूनच घेतली आहेत. कापताना सवयीने दोन बोटं सैलही ठेवली, कारण शिवलेलं कधी काचता कामा नये. कापड त्या बाईंच्यापेक्षा भारी, टीप बारीक, कोपरे सुबक. पण बसवायला गेले तर एकही कव्हर चौकटीत बसेना, सगळी पोक काढून उभी. शेवटी चिकटपट्टी लावून दाबून टाकली आणि जुनी भंगारवाल्याला देऊन मोकळी झाले.

ह्यांनी फक्त एका कोपऱ्याला बोट लावून बघितलं.

त्यानंतरच्याच आठवड्यातली गोष्ट. लांबच्या गावी कारखान्यात काम आहे, यायला संध्याकाळ होईल, असं सांगून हे निघाले. दुपारी मी बटणं आणायला बाजारात गेले आणि येताना मैदानाच्या मागच्या रस्त्याने वळले. तिथे भिंतीच्या सावलीत आमची गाडी. ती सीटकव्हरवाली लगेच डोळ्यांपुढे आली, कात्रीसकट.

जवळ गेले. उन्हाने चिकटपट्टी सुटली होती आणि एका खिडकीत माझ्या कव्हरचा कोपरा लोंबत होता. मी काचेला डोळा लावला.

आत हे झोपले होते. एकटेच. उताणे, तोंड उघडं, एक हात फळीवरून खाली सुटलेला. घरी हे भिंतीकडे तोंड करून, अंग आवळून झोपतात आणि माझी बांगडी वाजली तरी दचकतात. असं सैल पडलेलं मी ह्यांना कधी पाहिलंच नव्हतं.

आत कुणी बाई असती तर मी दार बडवून गल्ली गोळा केली असती. ते मला छान जमलं असतं. पण झोपेच्या झिंज्या कशा उपटणार? मला त्या फळीचा हेवा वाटला. त्या पत्र्याचा, त्या कोंदट अंधाराचासुद्धा.

मी काचेवर टकटक केली. हे धडपडत उठले, दार सरकवलं आणि मला बघून म्हणाले, "आलोच, आलोच. निघतच होतो." गिऱ्हाइकाला सांगतात ना, अगदी तसं.

"काम संध्याकाळपर्यंत होतं ना?"

"लवकर आटपलं."

"मग घरी का नाही आलात?"

"इथे जरा झोप लागते गं."

"रोज येता?"

"रोज नाही."

रोज नाही म्हणजे बहुतेक रोज. तेवढं मला कळतं.

"झोपा," मी आत चढत म्हटलं. "मी इथे हत्यारांच्या पेटीवर बसते. एक शब्द विचारणार नाही."

हे आडवे झाले, डोळे मिटले. मी खरंच गप्प बसले. सीटकव्हरवालीबद्दल ओठांवर आलेलंसुद्धा गिळलं. माझ्यासमोर एकदा, एकदाच, ह्यांचा हात तसा खाली सुटावा, एवढंच मला हवं होतं. पण हात छातीवर बांधलेले, पापण्या थरथरणाऱ्या. ह्यांची खोटी झोप मला न ओळखायला काय झालं! मी कधी तोंड उघडते याची हे वाट बघत होते. मी पुष्कळ वेळ बसले. माझे पाय आखडले, पण ह्यांचे हात काही सुटले नाहीत.

"निघते मी," शेवटी म्हटलं. "स्वयंपाक व्हायचाय."

"थांब, मी पण येतो," हे म्हणाले, पण उठले नाहीत.

मी खाली उतरून दार ओढून घेतलं. चपलेचा बंद सुटला होता, तो लावायला वाकले, आणि मान वर करायच्या आत आतून घोरणं सुरू झालं.