तायडे मॅडमचा भुयारी बाजार

माझ्या तोंडून ‘मला’ हा शब्द निघाला आणि अख्खा बाजार अंधारात गेला. दुकानदारांनी कंदील विझवले, चेटकिणीनं शिल्लक शाप गाठोड्यात कोंबले आणि एक राक्षस खेकसला, “या पोलिसाले कोनं आनलं बे इथं?” हे सगळे आवाज एकट्या तायडे मॅडमचे होते. त्या अमरावतीतल्या आपल्या बैठकीत दिवाणावर मांडी घालून दह्यात भिजलेला गिलावडा खात होत्या.

मी पुण्याहून अमरावतीच्या ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवायला आलो होतो. मॅडम केमिस्ट्रीच्या. त्यांच्या मुलानं हैदराबादहून एक खेळ पाठवला होता: तऱ्हेतऱ्हेचे फासे आणि नियमांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक. प्रत्येकानं एक काल्पनिक माणूस व्हायचं, एकानं त्या काल्पनिक जगाची गोष्ट सांगायची आणि कोणाचं काय होतं ते फाशांनी ठरवायचं. मॅडमनी पुस्तकाची चार पानं वाचली आणि ते कुलरखाली टेकण म्हणून सरकवलं. “राजवाडे गंज हायेत याच्यात, ढीगभर. बाजार कुठी हाय? लोकं भाजी काय राजाच्या घरून आनतेत?”

मग त्यांनी स्वतःचं जग रचलं. तिथल्या राजानं जादूवर बंदी घातलेली, त्यामुळे सगळी जादू जमिनीखाली गेलेली. कोरड्या विहिरीच्या पायऱ्या उतरलं की चोरबाजार. तिथं नाणं चालत नसे, वस्तूच्या बदल्यात वस्तू. एकदाच वापरलेले जुने शाप, पुडीत बांधलेली दुपारची झोप, ड्रॅगनच्या दाताचं मंजन, काय म्हणाल ते मिळे. अकोल्याला चष्म्याचं दुकान असलेले जमीलभाई दर रविवारी मूर्तिजापूर, बडनेरा करत गाडीनं या बाजाराला येत. त्यांनी एकदा अख्खी दुपार घासाघीस करून अदृश्य व्हायची टोपी मिळवली. घातल्यावर फक्त डोकं अदृश्य झालं. जमीलभाई चिडले, तर मॅडम दुकानदाराच्या आवाजात म्हणाल्या, “टोपी हाय भाऊ, डोकंच झाकन. सगळं झाकाचं होतं तं गोधडी मांगाची!”

माझी अडचण भाषेची होती. खालच्या बाजाराचा कायदाच होता: वर राजाच्या राज्यात ‘मला’, खाली ‘मले’. जो ‘मला’ म्हणेल तो राजाचा हेर, त्याला दुप्पट भाव. माझा बिचारा बुटका योद्धा कायम नागवला जाई. मी प्रमाणभाषेची बाजू घेऊन तावातावानं बोललो, तेव्हा मॅडमनी शांतपणे दुसरा वडा माझ्या बशीत ठेवला. “तुमी वर्गात शिकवा ना सर, कोन नाई म्हनते? पन घासाघीस का पुस्तकातून होते? अन् आडनाव लेले! दोन-दोन ‘ले’ घेऊन फिरून राहिले, अन् तोंडातून एक बी निघत नाई!”

जमीलभाई हसून हसून आडवे झाले. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण पुढच्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी पोचलो.

मॅडमना कॉलेजातही फुकटचं काही खपत नसे. एका मुलीनं प्रयोगशाळेत चंचुपात्र फोडलं आणि रडत माफी मागितली. मॅडम म्हणाल्या, “फुकट माफी नाई भेटत. हा प्रयोग वर्गाले तुह्या बोलीत समजावून सांग, मंग आपला सौदा पक्का.” मुलीनं असा समजावला, की मलाही रसायनशास्त्र कळल्याचा भास झाला. कीव मात्र त्यांना मुळीच आवडायची नाही. म्हणायच्या, “कीव म्हंजे खोटं नानं. वाजवून पाहा, बद्दच वाजते.”

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्रच काढावं लागलं. राक्षस, चेटकिणी, टोपीवाला, सगळे एकाच दिवशी मुके झाले. घरी आल्यावर मॅडमनी फाशांची पेटी उचलून जमीलभाईंच्या मांडीवर ठेवली आणि हातानं खूण केली: बाजार उठला. मॅडम वाचल्याचा आनंद होताच, पण तो बाजार गेला तर मॅडमही अर्ध्या गेल्या, हे आम्हा दोघांना दिसत होतं. मला तर रडूच आलं.

मी जमीलभाईंना स्टेशनवर सोडायला गेलो, तिथं परतीच्या गाडीची वाट पाहताना त्यांना युक्ती सुचली. “सर, उस बाजार में सब मिलता है ना? तो आवाज बी मिलंगा. आपन मॅडमसाठी घेऊ.”

पुढच्या रविवारी आम्ही पेटी परत नेली, पायऱ्या उतरल्याचं जाहीर केलं आणि मी म्हणालो, “मले एक आवाज पायजे. आमच्याजवळचं सगळं देतो.” मॅडमनी आमच्याकडे रोखून पाहिलं. मला वाटलं, आता हाकलतात. त्या उठल्या, कपाटातून वडिलांचा जुना दुपट्टा काढला आणि आपल्या उजव्या हातावर पांघरला.

“हात अंदर घाला सर,” जमीलभाई कुजबुजले. “शेंदूरजनाघाटले त्यांचे अब्बा संत्र्याचा सौदा असाच करत. बोलाचं नाई, बोटं दाबाची. दुपट्टा उचलला का सौदा पक्का.”

मॅडमनी माझी पाच बोटं दाबली. पाच वस्तू समजून मी खुशीत मान डोलावली. पण माल पाहून त्याच पाच बोटांचे पन्नास होतात, हे मला कोण सांगणार? दुपट्टा उचलला तेव्हा योद्ध्याचं चिलखत, झोपेच्या पुड्या, जमीलभाईंची टोपी, सगळं गेलं होतं. जमीलभाईंनी कपाळावर हात मारला. “मॅडमचा आवाज आला, बास!” मी म्हणालो.

मॅडमनी मान हलवली. पुढे वाकून त्यांनी आपलं बोट माझ्या गळ्यावर ठेवलं.

आवाज माझ्या नावावर निघाला होता! तेव्हापासून दुपट्ट्याखाली त्या बोटं दाबत आणि मी राक्षस होऊन भाव ओरडत असे. ‘मला’ म्हटलं की असा चिमटा बसे की राक्षस किंचाळे. त्या वेळी मॅडम आवाजाशिवाय हसत, दिवाण हलेपर्यंत. बाजार पूर्वीपेक्षा जोरात चालला. कॉलेजातले आणखी तिघं-चौघं येऊ लागले.

गेल्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. त्यानंतरच्या रविवारी सगळे माझ्या खोलीवर जमले, कोणी न बोलावता. जमीलभाईंनी एक जुना शाप मागितला आणि भाव विचारला. मॅडमच्या मुलानं दुपट्टा मला दिला होता, मी सवयीनं त्याच्याखाली हात घातला. पलीकडे कोणाचा हात नव्हता. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

मग भाव मी माझ्या मनानं सांगितला. तो पार चुकला असणार, कारण जमीलभाई तिथल्या तिथे उखडले, बाकीच्यांनी गलका केला, आणि बाजार भरला.