खेचराची जागा

माझ्या आत्याचा आवाज तुम्ही नक्की ऐकलेला आहे, फक्त तो तिचा आहे हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. एका मोठ्या दुकानात ‘हरवलेल्या छत्र्या तळमजल्यावर मिळतील’ असं माइकवरून सांगायची ती. एकदा एक गृहस्थ खरोखरच छत्री शोधत आले आणि छत्री विसरून आवाजाच्या मागे लागले. ते डबिंगचे मास्तर. परदेशी सिनेमे स्वस्तात आणायचे आणि त्यांना आपल्या भाषेत बोलायला लावायचं हा त्यांचा धंदा. तेव्हापासून आत्या पडद्यावरच्या बायकांच्या तोंडात शब्द घालते. सावत्र आया, परिचारिका, तुरुंगातल्या जमादारणी. एकदा तर एक चेटकीण आणि तिचीच मांजर.

पण तिचं नाव झालं, म्हणजे निदान आमच्या घरात झालं, ते ‘उलटी टोपी’ने. घोडे, धूळ, पिस्तुलं आणि टोपी उलटी घालणारा एक आळशी नायक. पैसे इतके कमी की तेच तीन घोडे कधी पोलिसांचे, कधी दरोडेखोरांचे. एका मारामारीत नायकाचा धक्का लागून निवडुंग सपाट पडतो, कारण तो पुठ्ठ्याचा. लोकांना हे सगळं दिसलं आणि तरीही आवडलं. त्यात गुत्त्याची एक विधवा मालकीण होती. सगळ्या दरोडेखोरांना धाकात ठेवणारी. तिचा आवाज आत्याचा.

आत्या त्या मालकिणीला ‘माझी बाई’ म्हणायची. “माझ्या बाईने काल परत टीव्हीवर गोळी चालवली, पाहिलीस?”

आणि मग दुसरा भाग आला. ‘पुन्हा उलटी टोपी’.

“दुसऱ्या भागात ती प्रेमात पडते,” मास्तर स्टुडिओच्या जिन्यात म्हणाले. खोलीत बसवून सांगण्याची हिंमत त्यांना झाली नसावी.

“मग? पडू दे की. मी कुठे अडवलंय?”

“तसं नाही, बाई. सिनेमा हलकाफुलका आहे. तुमच्या आवाजात ना... संसार येतो.”

“म्हणजे मी प्रेमात पडू शकत नाही?”

“आवाज म्हणतोय मी, आवाज!”

“आवाज काय शेजारणीचा आहे? माझाच आहे ना?”

मास्तरांनी रुमालाने मान पुसली आणि एकदाचं सांगून टाकलं. मालकिणीचा आवाज या वेळी धाकटी देणार.

धाकटी म्हणजे आत्याची धाकटी जाऊ. घर एक, स्वयंपाकघर एक, आरसाही एकच. तिला स्टुडिओत आणलं कुणी? आत्यानेच. ‘घरात बसून कंटाळतेस, चल, गर्दीचे आवाज काढायला माणसं लागतात’ असं म्हणून. धाकटी दोन वर्षं गर्दीत ‘पळा पळा’ ओरडली. उरलेला वेळ काचेपलीकडे बसून आत्याकडे बघत राहिली. श्वास कुठे घेते, ओठ मिटताना शब्द कसा गिळते, सगळं टिपत. आत्याला ते कौतुक वाटायचं. आता म्हणते, “दरोडा पडत होता गं, आणि मी दरोडेखोराला चहा देत होते.”

“हे बघा,” जाता जाता मास्तर म्हणाले, “लोक काय म्हणतात ते पाहू. आवाज बदलला म्हणून ओरडले, तर तिसऱ्या भागात मालकीण तुमचीच. शब्द देतो. तोवर तुमच्यासाठी एक काम आहे. लहान आहे, पण गमतीचं.”

“कुणाचं?”

“खेचराचं.”

नायकाचं खेचर. गुत्त्याच्या दाराशी खांबाला बांधलेलं असतं आणि मधून मधून ओरडतं.

आत्या घरी आली. तिने पातेलं ओट्यावर असं ठेवलं की आत्तोबांनी हातातला पेपर खाली केला. धाकटीने विचारलं, “ताई, तुम्हाला राग नाही ना आला?”

“छे! राग कसला? खेचराला सुद्धा आवाज लागतोच की. कुणीतरी दिला पाहिजे.”

“मी नको म्हणाले होते मास्तरांना.”

“किती वेळा?”

धाकटीने ओट्यावरचं पातेलं उचलून घासायला घेतलं.

मी तेव्हा आत्याकडेच राहत होते, त्यामुळे त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. धाकटी स्वयंपाकघरात संवाद घोकायची आणि आत्या तिथेच भांडी घासायची, नेमकी त्याच वेळी. धाकटी गुणगुणली की हिच्या कपाळावर आठी. धाकटीने गळ्याला मफलर गुंडाळला की ही म्हणणार, “वा, आता गळ्याचेही लाड सुरू झाले!” धाकटीने कोमट पाणी घेतलं की ही मुद्दाम माठातलं गार पाणी घटाघटा प्यायची. जणू दाखवायचं होतं, बघ, माझ्या गळ्याला काही होत नाही.

खेचराचं रेकॉर्डिंग सगळ्यात शेवटी असतं. माणसांचे ओठ जुळवून झाले, पावलं झाली, दारं झाली, की मग जनावरं. आणि इथे आत्याला एक गोष्ट दिसली. खेचर मागे उभं आहे, अंधुक, अर्धं खांबाआड. त्याचं तोंड कधी उघडतं ते धड दिसतच नाही. म्हणजे ते कुठेही ओरडू शकतं.

मालकिणीचं एक वाक्य होतं. सिनेमातलं सगळ्यात मोठं. नायक तिला लग्नाचं विचारतो, सगळा गुत्ता गप्प होतो, ती ग्लास पुसता पुसता म्हणते, “या गावात दोनच गोष्टी फुकट मिळतात. धूळ, आणि पुरुषांच्या शपथा.” त्यानंतर शांतता. टाळ्यांसाठी ठेवलेली शांतता. धाकटीने ती शांतता मिळवायला आठवडाभर घासाघीस केली होती.

त्या दिवशी मीही काचेपलीकडे बसले होते. आत्याने हेडफोन लावले, वाक्य संपू दिलं, आणि बरोब्बर त्या शांततेत खेचर ओरडलं. “हीं... हॉंऽऽ!”

“इथे?” काचेमागून मास्तर.

“जनावर आहे. त्याला विचारून ओरडतं का ते?”

मास्तर घाईत होते. राहू दे म्हणाले. मग आत्या दुसऱ्या वाक्यानंतर ओरडली. मग तिसऱ्या. धाकटीने टाळ्यांसाठी जी जी जागा सोडलेली, ती ती खेचराने खाल्ली. घरी येताना बसमध्ये ती मला म्हणाली, “बघू आता कशा टाळ्या पडतात ते.” आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

सिनेमा लागला त्या दिवशी पहिल्या खेळाला आम्ही तिघी. आत्या, मध्ये मी, पलीकडे धाकटी. मला मध्ये का बसवलं ते सांगायला नको.

पडद्यावर धूळ उडाली. तेच तीन घोडे आले, लोकांनी ओळखून शिट्ट्या मारल्या. दरोडेखोराच्या मनगटावर चक्क घड्याळ दिसलं आणि मागून कुणीतरी ओरडलं, “अरे, वेळ काय झाली रे?” सगळं थिएटर फिदीफिदी. मग गुत्ता. मालकीण. ग्लास. शपथांचं वाक्य. शांतता.

“हीं... हॉंऽऽ!”

थिएटर फुटलं. लोक खुर्च्यांवर आपटून हसले. एक बाई हसता हसता उचकी लागून पाणी मागायला लागल्या. आत्या सरळ बसली. ते हसू कमी होईना. उलट मालकीण पुन्हा तोंड उघडायच्या आधीच लोक तयारीत बसू लागले. ती बोलली की खेचर, खेचर ओरडलं की हशा, आणि हशा पडला की सगळ्यांच्या नजरा मालकिणीच्या भुवईवर. जणू ती भुवई त्या ओरडण्यासाठीच उचलली होती.

“काय टायमिंग आहे हो या बाईचं!” पुढचे गृहस्थ बायकोला म्हणाले.

आत्याने माझा दंड पकडला. “बाईचं? बाईचं टायमिंग?”

“हळू, आत्या.”

“ती थांबते, बस्स! थांबायला काय अक्कल लागते? खांबसुद्धा थांबतो!”

मध्यंतरात आत्या उठली. पहिल्या दिवशी मध्यंतरात बायकांच्या बाथरूममध्ये उभं राहायचं, ही तिची जुनी रीत. हात धुत राहायचे आणि ऐकत राहायचं. तिचं म्हणणं, पुरुष सिनेमाबद्दल बाहेर खोटं बोलतात, बायका आरशासमोर खरं बोलतात. मी आणि धाकटी मागोमाग गेलो.

“अगदीच भंगार आहे ना?” एक मुलगी लिपस्टिक लावता लावता म्हणाली.

“भंगारच. पण मी तर परत बघणार.”

“पहिल्यापेक्षा बरा की नाही? पहिला उगाच लांबला होता.”

“काहीतरीच. पहिल्यात निवडुंग पडला होता!”

“तो नायक मात्र ढिम्म. खेचर त्याच्यापेक्षा चांगला अभिनय करतं.”

आत्याच्या हातांना आता भरपूर साबण होता. तेवढ्यात एक वयस्क बाई चष्मा पुसत म्हणाल्या, “मला ती गुत्तेवाली आवडली. आवाज त्याच बाईंचा आहे ना? पहिल्या भागातल्या?”

“हो, त्याच.”

“सुधारल्या बरं का! तेव्हा जरा रडक्या वाटायच्या.”

नळ वाहत राहिला. आरशात तीन चेहरे होते. आत्याचा, माझा आणि धाकटीचा. आत्या पांढरी पडली हे मला अपेक्षित होतं. पण धाकटीचाही चेहरा उतरला होता.

“त्याच बाई,” धाकटी हळूच म्हणाली. “ऐकलंत ताई? इतकी मरमर केली, आणि लोक म्हणतात त्याच बाई. माझा आवाज कुणी ऐकलाच नाही.”

“तुला दुःख झालंय?” आत्या फिरली. “तुला? सुधारलेली तू, रडकी मी!”

“पण नाव तर तुमचंच घेतलं ना!”

“कुणी घेतलं नाव? कुणाला आमची नावं माहीत आहेत?”

चष्मेवाल्या बाई दोघींकडे आळीपाळीने बघत होत्या. “भांडू नका गं,” त्या समजुतीने म्हणाल्या. “सिनेमा आहे तो.”

सिनेमा संपल्यावर मास्तर दारातच उभे. इतके खूश की रुमाल काढायचं विसरले होते. “ऐकलं ना? एक माणूस ओरडला नाही! आवाज बदललाय हे कळलंच नाही कुणाला. तिसऱ्या भागात काही हलवायचं नाही. हीच मालकीण, हेच खेचर.”

आत्याने मला पर्स दिली. तिला हात मोकळे हवे असले की ती पर्स देते. पण त्याआधी धाकटी बोलली.

“मास्तर, हशा माझा नाही. त्या जागा ताईंच्या आहेत. त्यांनी खेचर मध्ये घातलं नसतं तर माझी वाक्यं तशीच पडून राहिली असती.”

“म्हणजे ते ठरवून होतं?” मास्तरांनी आत्यापुढे हात जोडले. “बाई, धन्य आहात! स्वतःची भूमिका गेली, आणि जावेसाठी एवढं केलंत!”

आत्या काय बोलणार? खरं सांगावं तर तोंड काळं, आणि गप्प राहावं तर धाकटीने वाढलेलं पुण्य गिळावं लागणार. तिने गिळलं. आम्ही घरी आलो. दार उघडताना फक्त एवढंच म्हणाली, “मोठेपणासुद्धा हिनेच घेतला.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या मटार सोलत होती, धाकटी कणीक मळत होती. मी पाणी प्यायला गेले होते. धाकटी मळता मळता सहज म्हणाली, “या गावात दोनच गोष्टी फुकट मिळतात. धूळ, आणि पुरुषांच्या शपथा.”

आणि थांबली. सवयीने. आत्याकडे बघत.

आत्याने एक शेंग सोलली. दुसरी सोलली. खेचर काही ओरडलं नाही. ते वाक्य ओट्यावर तसंच पडून राहिलं, पिठासारखं.

“बघा,” धाकटी म्हणाली. “मी काय सांगत होते?”

आत्याने मटारचं ताट बाजूला सरकवलं. पदराला हात पुसले. “सरक. ते वाक्य मी म्हणते. तू खेचर हो.”

“मी?”

“का? जिभेला हाड आहे?”

धाकटीने कणकेचे हात तसेच वर धरले, घसा साफ केला. आत्या ताठ झाली. हातात ग्लास नव्हता, तिने वाटी घेतली आणि पुसू लागली. मग आवाज लागला. तोच, पहिल्या भागातला. भरलेला, थोडा थकलेला, दरोडेखोरांनी ज्याला घाबरावं असा. “या गावात,” ती म्हणाली, “दोनच गोष्टी फुकट मिळतात. धूळ... आणि पुरुषांच्या शपथा.”

माझ्या अंगावर काटा आला. बाहेरच्या खोलीत आत्तोबांनी पेपर उलटायचं थांबवलं.

आणि धाकटी ओरडली. “हीं... हॉंऽऽ!” नाक वर, मान तिरकी, पिठाचे दोन हात कानांसारखे उभे. मला हसू आवरेना. मी ओट्याला धरून हसले. धाकटीही हसायला लागली. पीठ उडालं, मटार सांडले.

आत्या हसली नाही. वाटी हातात तशीच धरून ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“खरं सांग. कशाला हसलीस? वाक्याला की खेचराला?”

मी घाईघाईने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि संपेपर्यंत खाली ठेवला नाही. संपल्यावर पाहिलं तर ती अजून तिथेच उभी होती, आणि तिच्यामागे धाकटीही, हसणं थांबवून, उत्तराची वाट बघत.